आहारावरचे लेख छापण्याआधी काय काय तपासायचं? मदत हवी आहे

माजघर :

नमस्कार मंडळी. आमच्या तालुक्याचं एक साप्ताहिक निघतं, त्यातलं आरोग्याचं पान सध्या मी बघते. दर आठवड्याला दोन लेख, एक पाककृती आणि वाचकांचे प्रश्न. येणारे लेख बहुतेक खाण्यापिण्याचेच असतात आणि लिहिणारी माणसं मनापासून लिहितात याबद्दल मला शंका नाही, पण होतं असं की एक लेख सांगतो रोज दोन चमचे तूप घ्या, पुढच्या आठवड्यात दुसरा सांगतो तूप बंद करा आणि दोन्हीकडे "संशोधनातून सिद्ध झाले आहे" हे वाक्य असतंच. कुठलं संशोधन, कोणी केलं, किती जणांवर, कुठल्या साली, काही पत्ता नाही. वाचणाऱ्याने कोणाचं ऐकायचं?

म्हणून मला लेखकांना पाठवायला एक पानभर नियम करायचेत. उदाहरण देते म्हणजे माझी अडचण कळेल. नाचणीवर एक लेख आलाय. त्यात वाक्य आहे, "नाचणीत दुधाच्या तिप्पट कॅल्शियम असते, त्यामुळे मुलांना दुधाऐवजी नाचणी द्यावी." मी हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा २०१७चा तक्ता उघडला. नाचणी १०० ग्रॅमला ३६४ मिलिग्रॅम, गाईचं दूध १२०च्या आसपास. म्हणजे तिप्पट हे खरंच आहे! पण १०० ग्रॅम नाचणी म्हणजे कोरडं पीठ. आमच्याकडे एका मध्यम भाकरीला ४५ ग्रॅमच्या आसपास पीठ लागतं, म्हणजे एका भाकरीतून साधारण १६० मिलिग्रॅम. आणि २०० मिलीच्या एका पेल्या दुधातून २४०. शिवाय नाचणीत फायटेट आणि टॅनिन असतात, त्यामुळे त्यातलं कॅल्शियम सगळं अंगी लागत नाही. मी लेखिकाताईंना फोन केला तर त्यांनी सरळ विचारलं, आकडा खोटा आहे का? नाही. मग छापायला काय हरकत आहे? आणि मला नीट उत्तर देता आलं नाही. आकडा खरा आणि सल्ला चुकीचा, हे लेखकाला कुठल्या शब्दांत सांगायचं?


तिखटमीठ :

माजघरताई, फार महत्त्वाचा विषय काढलात. मी रुग्णालयात आहारतज्ज्ञ आहे, किडनीच्या वॉर्डला जास्त असते, त्यामुळे असल्या लेखांचे परिणाम रोज समोर बसलेले असतात.

तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं की आकडा एकटा छापायचाच नाही. कच्चं की शिजलेलं, कोरडं की ओलं, १०० ग्रॅमचा आकडा की ताटात पडतं तेवढ्याचा, हे त्याच वाक्यात आलं पाहिजे, तळटीप नको. डाळीचंच घ्या. मूगडाळीत २४ ग्रॅम प्रोटीन हे १०० ग्रॅम कच्च्या डाळीचं, पण लेखात येतं "एक वाटी मूगडाळीत २४ ग्रॅम". आपल्या घरच्या वाटीभर पातळ वरणात डाळ जाते २०-२५ ग्रॅम, म्हणजे प्रोटीन पाच-सहा ग्रॅम. लोक मला येऊन सांगतात मॅडम मी दोन वाट्या वरण खातो म्हणजे पन्नास ग्रॅम झालं की! शेवग्याच्या पानांचंही तेच. दुधाच्या सतरापट कॅल्शियम असं जे फिरतं ते वाळवलेल्या पावडरीचं आहे, आणि दुधात जवळजवळ ८७ टक्के पाणी असतं. पाणी काढून टाकलेली वस्तू पाण्यासकटच्या वस्तूशी तोलली तर ती जिंकणारच. १०० ग्रॅम पावडर कोण खातं? चमचाभर घेतली तर पाच-सहा ग्रॅम.

दुसरी गोष्ट, आणि माझ्या दृष्टीने ही पहिलीपेक्षाही मोठी: हे कोणी करू नये ते लिहा. लेखाच्या शेवटी "आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्यावा" असतं, ते वाक्य कोणी वाचत नाही कारण ते सगळ्यांना उद्देशून असतं. नावं घ्या. नारळपाणी, केळी, पालेभाज्यांचे रस यावर लेख असेल तर "किडनीचा आजार असेल आणि पोटॅशियम वाढत असेल तर घेऊ नका" असं स्पष्ट. कमी सोडियमचं मीठ बीपीला चांगलं म्हणून लिहितात, पण त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असतं, माझ्या पेशंटांना ते चालत नाही. रक्त पातळ ठेवायला वॉर्फरिन चालू असेल तर पालेभाज्या एकदम वाढवायच्याही नाहीत आणि एकदम बंदही करायच्या नाहीत. मधुमेहासाठी ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असणाऱ्याने लेख वाचून एक वेळचं जेवण सोडलं आणि गोळी तशीच घेतली तर साखर खाली जाते आणि माणूस चक्कर येऊन पडतो. नवरात्रात, चातुर्मासात अशा केसेस येतात. हे एक वाक्य लेखात असायला किती जागा लागते?


शून्यगणित :

वाचतोय. मी संख्याशास्त्र शिकवतो, म्हणून माझा मुद्दा टक्क्यांचा.

ऑक्टोबर २०१५मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने सॉसेज, बेकन, हॅम वगैरे प्रक्रिया केलेलं मांस पहिल्या गटात टाकलं. त्याच गटात तंबाखूही आहे. लगेच मथळे आले की सॉसेज सिगारेटइतकंच घातक. पण तो गट पुरावा किती पक्का आहे ते सांगतो, धोका किती मोठा आहे ते सांगतच नाही. आणि त्यातला गाजलेला आकडा असा की रोज ५० ग्रॅम खाल्लं तर आतड्याच्या कर्करोगाचा धोका १८ टक्क्यांनी वाढतो. १८ टक्के ऐकलं की माणसाला वाटतं शंभरातल्या अठरा जणांना होणार. ब्रिटनचं बघितलं तर तिथे शंभरातल्या सुमारे सहा जणांना आयुष्यात कधीतरी हा कर्करोग होतो, त्या सहाचे १८ टक्के म्हणजे जेमतेम एक, म्हणजे सहाचे सात झाले. भारतात मुळात हे प्रमाण बरंच कमी आहे. धोका आहे, तो लपवू नका, पण "शंभरात इतक्याचे इतके" असं लिहा. माझ्या मते हा नियम केलात तर निम्मे घाबरवणारे मथळे आपोआप गळतील.

अभ्यास किती जणांवर होता ते तर हवंच. उंदरांवर, पेशींवर झालेलं काम असेल तर ते पहिल्याच वाक्यात सांगायचं, शेवटून दुसऱ्या परिच्छेदात नाही.


मायनच्या_काठी :

शून्यगणित सरांच्या मुद्द्याला आमच्या इकडचं, जर्मनीतलं उदाहरण देतो. २०१५मध्येच जॉन बोहॅनन या विज्ञान पत्रकाराने काही जणांना बरोबर घेऊन मुद्दाम एक कमकुवत अभ्यास केला, चॉकलेट खाल्ल्याने वजन लवकर उतरतं असा. माणसं होती पंधरा, तीन गटांत वाटलेली, आणि प्रत्येकाच्या वजन, कोलेस्टेरॉल, झोप अशा अठरा गोष्टी मोजल्या. इतक्या थोड्या माणसांच्या इतक्या गोष्टी मोजल्या की एखाद्या गोष्टीत नुसत्या योगायोगाने "फरक" दिसणार हे त्यांना आधीच माहीत होतं. पैसे भरले की छापणाऱ्या एका जर्नलमध्ये, म्हणजे संशोधनाच्या नियतकालिकात, पेपर लागला, संस्थेचं नाव होतं इन्स्टिट्यूट ऑफ डाएट अँड हेल्थ आणि ती संस्था म्हणजे फक्त एक वेबसाइट. इथल्या बिल्डसारख्या प्रचंड खपाच्या वर्तमानपत्राने पहिल्या पानावर घेतलं, मग बाकी देशांत पसरलं. नंतर बोहॅननने स्वतः सगळं उघड केलं, तेव्हा त्याने लिहिलं होतं की बातमी करणाऱ्यांपैकी जवळजवळ कोणीच माणसं किती होती ते विचारलं नाही, बाहेरच्या तज्ज्ञाला फोन केला नाही.

मला हे फार लागलं होतं कारण यात तपासायला काही अवघड नव्हतंच. पेपर उघडायचा आणि आकडा वाचायचा.


शून्यगणित :

बरोबर. गणितच सांगतो, एकेका मोजणीत चुकून फरक दिसण्याची शक्यता ५ टक्के धरली तर अठरा मोजण्यांत कुठेतरी एकदा तरी तो दिसण्याची शक्यता सुमारे ६० टक्के होते.

आणि फक्त छोट्या जर्नलपुरतं हे नाही. "लहान ताटलीत जेवा म्हणजे आपोआप कमी जेवाल" हे मराठी लेखांत कायम येतं, त्यामागे कॉर्नेल विद्यापीठातल्या ब्रायन वॉन्सिंकच्या प्रयोगशाळेचं नाव असतं. त्यांच्या कामावर शंका घेतल्या गेल्या, सप्टेंबर २०१८मध्ये जामा या अमेरिकन वैद्यकीय जर्नलांच्या समूहाने एकाच वेळी त्यांचे सहा पेपर मागे घेतले, विद्यापीठाने चौकशी करून संशोधनातलं गैरवर्तन झालंय असं सांगितलं आणि त्यांनी राजीनामा दिला. आपल्याकडच्या लेखांत ते अजून जसंच्या तसं आहे. पेपर मागे घेतलाय का हे शोधायला दोन मिनिटं लागतात, शीर्षक टाकून बघायचं.


रानमेवा :

सगळ्यांचं म्हणणं वाचलं. थोडं वेगळं बोलतो, राग मानू नका. हे जे संशोधन संशोधन चाललंय ते दर दहा वर्षांनी बदलतं. अंडी वाईट होती, मग चांगली झाली. खोबरेल वाईट, मग अमृत, मग परत वाईट. तूप तर विचारूच नका. २०१८च्या सुमारास आपल्याकडे घराघरात दीक्षित की दिवेकर असे तट पडले होते, एक म्हणतात दोनदाच जेवा आणि ५५ मिनिटांत संपवा, दुसऱ्या म्हणतात थोड्या थोड्या वेळाने खात राहा, आणि दोन्हीकडचे लोक पुरावे घेऊन भांडत होते. या सगळ्यात आपल्या आज्या-पणज्यांनी जे सांगितलं त्याला काही किंमतच नाही का? उन्हाळ्यात कोकम, बाळंतिणीला डिंक-अळीव, पावसाळ्यात पालेभाजी जपून, याला कुठल्या जर्नलचा शिक्का आणायचा? तुमचे नियम लावले तर असं काही छापूनच येणार नाही आणि ते ज्ञान आमच्या पिढीबरोबर जाईल. मला याचं खरंच वाईट वाटतं.


परातवाली :

रानमेवा दादा, राग कशाला. मी पाककृती लिहिते, त्यामुळे आजीच्या ज्ञानावरच माझं चालतं. पण तुमच्या म्हणण्याच्या उलटं उदाहरण माझ्याकडे आहे, दुधीचं.

आमच्याकडे दुधी चिरला की पहिली चकती जिभेला लावून बघायची पद्धत. काकडीचंही तसंच. कडू लागला तर अख्खा दुधी गुरांनाही न घालता टाकून द्यायचा, आजीचा हात लगेच थांबायचा. आणि दुधी कच्चा पिण्याची रीत आपल्याकडे नव्हतीच, भाजी, कोशिंबीर वाफवून, हलवा. मग मधल्या काळात रोज सकाळी अनशापोटी कच्चा दुधीरस प्या अशी लाट आली, आणि ती "प्राचीन" म्हणून आली! २०१०मध्ये दिल्लीत एका शास्त्रज्ञांचा कडू दुधीरस प्यायल्यानंतर मृत्यू झाला, त्यानंतर आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) समिती नेमली आणि त्यांनी सांगितलं की रस कडू लागला तर पिऊ नका, प्यायल्यावर त्रास झाला तर लगेच दवाखान्यात जा. कडू दुधीत कुकरबिटासिन नावाची विषारी द्रव्यं असतात. रस प्यायची सवय ज्यांना होती ते कडू असला तरी औषध म्हणून डोळे मिटून प्यायचे, हीच भानगड.

म्हणजे आजीच्या पद्धतीत सुरक्षेची पायरी होती, लेखांनी फक्त दुधी घेतला आणि पायरी सोडली. त्यामुळे मला वाटतं परंपरेचं लिहायचं तर पूर्ण लिहा, कोणाच्या घरी, कुठल्या भागात, कशा रीतीने करतात ते सगळं. "आमच्याकडे बाळंतिणीला हे देतात" हे वाक्य शंभर टक्के खरं आहे आणि त्याला कुठलंच जर्नल लागत नाही. त्याच वाक्यात "याने हिमोग्लोबिन दोनने वाढते" घातलं की मग मात्र कोणाचं, किती दिवसांत, कोणी मोजलं, हे मी विचारणार.


रानमेवा :

परातवाली ताई, हे पटलं. दुधीची चकती चाखायची पद्धत आमच्याकडेही होती, लेखात कधी वाचली नाही हे खरं.


जुनीपानं :

उशिरा आलो. पालकाच्या लोहाची गोष्ट सगळ्यांना माहीत असेल, की एका जर्मन शास्त्रज्ञाने दशांश चिन्ह चुकीच्या जागी दिलं, पालकात दहापट लोह आहे असा समज झाला, आणि म्हणून कार्टूनमधला पॉपाय पालक खायला लागला. किती छान गोष्ट. चुकीच्या आकड्यांवरच्या लेखांतही हीच गोष्ट सांगतात. १९८१मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये हॅम्ब्लिन यांच्या लेखात ती आली आणि तिथून सगळीकडे गेली, पण त्या लेखात या गोष्टीला संदर्भच नव्हता. २०१०मध्ये माइक सटन यांनी मुळापर्यंत जाऊन शोधलं तर त्या दशांशाच्या चुकीचा पुरावा मिळेना. आणि १९३२च्या एका चित्रपट्टीत पॉपाय स्वतः सांगतो की पालकात व्हिटॅमिन ए आहे म्हणून खातो. लोहाचं नावच नाही.

म्हणजे अफवांपासून सावध करणारी गोष्टच अफवा निघाली, आणि ती शिकल्यासवरलेल्या, संदर्भ देणाऱ्या लोकांनी पसरवली, एकाने दुसऱ्याचा संदर्भ दिला, मूळ कोणीच उघडलं नाही. तेव्हा माजघरताई, नियमात हे घाला की लेखकाने जे स्वतः वाचलं तेच संदर्भ म्हणून द्यायचं. दुसऱ्या लेखात वाचलं असेल तर त्या लेखाचं नाव द्यायचं, मूळ पेपरचं नाही.

पालकावरून अजून एक. आपल्या जुन्या तक्त्यात पालकाचं लोह १०० ग्रॅमला १.१४ मिलिग्रॅम आहे आणि २०१७च्या तक्त्यात २.९५. दोन्ही सरकारी, दोन्ही हैदराबादचे. कुठला खोटा? कुठलाच नाही, नमुने वेगळे, तपासण्याच्या पद्धती वेगळ्या, जमीन वेगळी. नव्या तक्त्यासाठी देशाच्या सहा भागांतून नमुने घेऊन ५२८ पदार्थ तपासलेत. म्हणून तक्त्याचं साल लिहिल्याशिवाय आकडा छापू नका, आणि दशांशानंतरचे आकडे तर पाककृतीत अजिबात नकोत.


धुळ्याचा_मी :

मी लिहिणारा नाही, वाचणारा आहे, मधुमेह आहे टाइप टू. तुम्ही सगळे नियम करताय ते चांगलं आहे पण आमच्या बाजूने पण बघा. अटी आणि पण आणि परंतु एवढे घातले की लेख वाचून शेवटी मी संध्याकाळी काय खाऊ हेच कळत नाही. आणि विश्वास फक्त आकड्यांनी उडत नाही. लेखात किनोआ, अव्होकॅडो, चिया, ब्लूबेरी असतं तेव्हा मी पहिल्या दोन ओळीत समजून जातो की हे आपल्यासाठी लिहिलेलं नाही, कुठून तरी उचललंय. आमच्याकडे कळण्याची भाकरी होते, ज्वारी आणि उडदाची, वांग्याचं भरीत होतं, शेवभाजी होते. त्यातलं किती खाऊ, शेवभाजीची तर्री किती घेऊ, भाकरी एक की दोन, यावर कोणी लिहीत नाही. बाजारात आत्ता काय स्वस्त आहे त्यावर लिहा.

आणि ते मधुमेह "मुळापासून बरा" वाले लेख. माझ्या ओळखीतल्या एकाने असा लेख वाचून गोळ्या बंद केल्या होत्या, पाय वाचला पण नशिबाने. लेखाच्या खाली लिहिणाऱ्याचा मोबाइल नंबर होता आणि तोच माणूस पावडर विकत होता. हा लेख होता का जाहिरात?


खिडकीकाठी :

धुळेकर भाऊ, जाहिरातच ती. मी बरीच वर्षं वर्तमानपत्राच्या डेस्कवर होते, आता निवृत्त, तर पैशाचा मुद्दा मी घेते.

१९५४चा औषधं आणि जादूटोणा उपायांच्या जाहिरातींचा कायदा आहे, त्यात मधुमेह, कर्करोग, रक्तदाब अशा आजारांची यादीच आहे, हे बरं करतो अशी औषधाची जाहिरात करायला बंदी आहे. आता तोच मजकूर लेख म्हणून आला, वर फोटो, खाली नंबर, की डेस्कवरचा माणूस ती जाहिरात म्हणून बघतच नाही. तिथेच अडवायचं. नियम साधा: लिहिणारा काही विकतो का, क्लिनिक चालवतो का, डाएट प्लॅनचे पैसे घेतो का, कुठल्या कंपनीने त्याला काही फुकट दिलंय का, हे त्याने लेख देतानाच लेखी द्यायचं आणि ते नावाखाली छापायचं. तेलाचा डबा भेट आला असेल तरी छापायचं. विकतो म्हणून लेख नाकारायचा असं नाही, वाचणाऱ्याला माहीत हवं एवढंच.

मोठ्या ठिकाणीही हे झालंय. १९६७मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये हार्वर्डच्या मंडळींचा आढावा आला, त्यात हृदयविकाराचा दोष चरबीवर गेला आणि साखर सुटली. शुगर रिसर्च फाउंडेशनने त्यासाठी साडेसहा हजार डॉलर दिले होते, हे २०१६मध्ये जुन्या कागदपत्रांतून बाहेर आलं. तेव्हा पैसे कोणी दिले ते जाहीर करायची सक्ती त्या जर्नलमध्ये नव्हती. म्हणजे नियम नसला की चांगल्या घरचंही असं होतं.

आपल्याकडे जाहिरात मानक परिषदेने ऑगस्ट २०२३मध्ये सांगितलं की आरोग्यावर सल्ला देऊन उत्पादनाचा प्रचार करणाऱ्या इन्फ्लुएन्सरने आपली पात्रता स्पष्ट दाखवली पाहिजे. साप्ताहिकालाही ते लावा. "आहारतज्ज्ञ" छापण्याआधी पदवी कुठली, कुठून, हे विचारा. चार आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स असेल तर तसं लिहा, लपवायचं काय त्यात.

पाकिटावरची वाक्यंही लेखात जशीच्या तशी येतात हो. जून २०२४मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे अन्नसुरक्षेच्या सरकारी प्राधिकरणाने, कंपन्यांना "१०० टक्के फळांचा रस" हा दावा लेबलवरून आणि जाहिरातींतून काढायला सांगितलं, कारण तो रस कॉन्सन्ट्रेटमध्ये, म्हणजे आटवलेल्या रसात, पाणी घालून केलेला असतो. लेखात "बाजारातला शंभर टक्के रस घ्या" असं आलं तर खोडा.


परातवाली :

पाककृतीखाली कॅलरी छापायचं बंद करा ही माझी विनंती. ते आकडे अॅपमधून येतात, अॅपचा कप २४० मिलीचा, आपली वाटी १५०च्या आसपास, कोणाची त्याहून लहान. तळणीत तेल किती घेतलं ते माहीत असतं, पुरीत किती गेलं ते कढईत उरलेलं मोजल्याशिवाय कळत नाही, आणि कोण मोजतं?

आणि भाषेचं काहीतरी करा ताई. "चीट डे", "पाप धुवून काढा", "सुटलेलं पोट", लग्नाआधी दहा किलो कमी करा. हे पान घरातली नववी-दहावीतली मुलगी पण वाचते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के बायकांमध्ये रक्तक्षय निघालाय. अर्ध्याहून जास्त! ज्या मुलीचं हिमोग्लोबिन आधीच कमी आहे तिला आपण कमी कसं खायचं ते शिकवतोय. जेवणाबरोबर चहा घेऊ नका, भाजीवर लिंबू पिळा म्हणजे लोह नीट लागतं, हे सांगायला किती जागा आहे, ते सांगा ना.


तिखटमीठ :

परातवाली, शेवटच्या परिच्छेदाला दहा वेळा अनुमोदन. वॉर्डमध्ये अशा मुलीही बघते.

धुळ्याचा_मी दादा, तुमचं अगदी बरोबर आहे. संध्याकाळी काय खाऊ याचं उत्तर न देणारा लेख अर्धवटच. पण ते उत्तर ताटाच्या भाषेत देता येतं, त्याला आकड्यांची गर्दी लागत नाही. भाकरीची संख्या तुमच्या गोळ्यांवर आणि साखरेवर ठरेल, लेखाने ती ठरवू नये, पण ताटात भरीत-भाजी आधी आणि जास्त, डाळ-उसळ किंवा दही-अंडं काहीतरी हवंच, तर्री वरून न ओतता बाजूला घ्यायची, एवढं कोणीही लिहू शकतं. सामान्य तब्येतीच्या माणसासाठी आधार हवा असेल तर आयसीएमआर आणि राष्ट्रीय पोषण संस्थेची २०२४ची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, एकूण सतरा, संस्थेच्या साइटवर फुकट. मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, प्रोटीन पावडर घेऊन स्नायू वाढवायच्या मागे लागू नका, हे सगळं त्यात आहे. लेखकाने त्याच्या विरुद्ध काही लिहायचं असेल तर लिहावं, पण "ही तत्त्वं असं सांगतात, मी वेगळं का सांगतोय" हे लेखात आलं पाहिजे.


माजघर :

किती मिळालं मला एका धाग्यात. सगळ्यांचे खूप आभार.

नाचणीच्या लेखाचं आधी सांगते. लेखिकाताईंशी परत बोलले, तिखटमीठ यांचं म्हणणं त्यांना वाचून दाखवलं, आणि त्यांनी स्वतःच परिच्छेद बदलून दिला. आता असं झालंय: "कोरड्या पिठाच्या वजनाने बघितलं तर नाचणीत दुधाच्या तिप्पट कॅल्शियम आहे (राष्ट्रीय पोषण संस्था, २०१७). पण एका भाकरीत साधारण अर्धी वाटी पीठ जातं आणि त्यातून मिळणारं कॅल्शियम एका पेल्या दुधापेक्षा कमीच असतं. म्हणून मूल दूध पीत असेल तर ते बंद करू नका, नाचणीची भाकरी किंवा सत्त्व त्याच्या जोडीला द्या. दूध पचत नसेल तर नाचणी, तीळ, राजगिरा असं मिळून रोज खाण्यात ठेवा." मला तर आधीपेक्षा हा लेखच जास्त वाचनीय वाटला.

एक प्रश्न उरलाय. छापल्यानंतर चूक कळली तर काय? आठवड्याने दुरुस्ती छापतो आम्ही, कोपऱ्यात, बारीक टायपात. तोवर पानाचा फोटो व्हॉट्सअॅपवर कुठल्या कुठे गेलेला असतो.


शून्यगणित :

कोपऱ्यात नको, त्याच पानावर, त्याच जागी, मूळ लेखाच्या नावासकट. आधी काय लिहिलं होतं, आता काय बरोबर आहे, दोन्ही. मोठमोठ्यांनी केलंय हे. स्पेनमधला भूमध्यसागरी आहाराचा अभ्यास, ७,४४७ माणसं, २०१३मध्ये छापला, जगभर गाजला. नंतर लक्षात आलं की काही जणांची गटवारी चिठ्ठी टाकल्यासारखी झालीच नव्हती, एका ठिकाणी तर आख्ख्या दवाखान्याला एकच आहार दिला गेला होता. २०१८मध्ये त्याच जर्नलने जुना पेपर मागे घेऊन नव्याने गणित करून परत छापला, निष्कर्ष साधारण तोच आला पण भाषा सौम्य केली. त्या अभ्यासावरचा माझा विश्वास उलट वाढला.


खिडकीकाठी :

फोटोचं असं करा, प्रत्येक लेखाच्या चौकटीतच तारीख, लिहिणाऱ्याचं नाव आणि "दुरुस्ती असल्यास पुढील अंकात याच जागी" अशी ओळ. पानाच्या डोक्यावरची तारीख फोटोत कापली जाते, चौकटीतली जात नाही. आणि जुना लेख परत छापायचा झाला तर परत तपासून, सरळ उचलून नाही.


माजघर :

चौकटीतली तारीख हे फार उपयोगाचं. लावते या अंकापासून.


रानमेवा :

ताई, या नियमांनी मी एक लेख लिहून बघू का, अळिवावर? आमच्याकडे बाळंतिणीला लाडू करतात, खोबरं, गूळ घालून. गर्भार असताना मात्र देत नाहीत, बाळंतपण झाल्यावरच. आई अजून करते, तिला विचारून पूर्ण रीत लिहीन.


तिखटमीठ :

नक्की लिहा दादा. गर्भारपणात देत नाहीत ही ओळ वरच्या भागात घ्या, खाली ढकलू नका. १०० ग्रॅम अळिवात १०० मिलिग्रॅम लोह हा जुन्या तक्त्यातला आकडा सगळीकडे फिरतो, तो घेण्याआधी २०१७चा तक्ता उघडून बघा. आणि आईंना एका लाडवात अळीव किती जातं ते वजनकाट्यावर ठेवायला सांगा, वाळलेलं, भिजवण्याआधीचं.


माजघर :

लिहा, वाट बघते. बुधवारी संध्याकाळपर्यंत आला तर याच अंकात घेता येईल. आईंचं नाव छापलं तर चालेल का ते त्यांना विचारून कळवा, आणि वजन ग्रॅममध्ये द्याल तेव्हा शेजारी चमचे पण द्या.